ज्युनो बंदरावर उतरून देवमाशांची बोट कशी ठरवायची: खान्देशातून निघणाऱ्यांसाठी

मे-जून आला की जळगाव, भुसावळ, धुळ्याकडची बरीच मंडळी मुलाबाळांकडे अमेरिकेला जातात. मुलगा नाहीतर जावई सिएटलला असला की अलास्काच्या क्रूझचा विषय निघतोच. सात रात्रींचं जहाज आणि वाटेत केचिकॅन, ज्युनो, स्कॅगवे अशी बंदरं. तिकिटं काढून झाली की फोनवर पुढचं बोलणं ठरलेलं असतं.

“नाना, देवमासे बघायची ट्रिप तिकिटात धरलेली नाही. जहाजवाले माणशी दोनशे डॉलरच्या आसपास घेतात.”

“म्हणजे चौघांचे आठशे? अन् बंदरावर उतरून आपणच बोट ठरवली तर?”

नानांचा प्रश्न रास्त आहे. ज्युनोमध्ये उतरून बोट ठरवता येते, दरवर्षी कितीतरी लोक ठरवतात. पण तिथे पहिला हिशोब वेळेचा करायचा आणि मग पैशांचा. वेळेचं गणित जमलं तर बाकी सगळं सोपं आहे. ते जमलं नाही तर जहाज तुम्हाला सोडून जाईल, आणि ज्युनोला बाहेरून एकही रस्ता येत नाही. अलास्काची राजधानी असूनही तिथे जायचं तर विमानानं नाहीतर बोटीनंच जावं लागतं. म्हणून या लेखात वेळेवर जास्त लिहिलं आहे.

घरूनच उरकायची कामं

सिएटलहून सुटणारी बहुतेक अलास्का-जहाजं परतीच्या वाटेवर कॅनडातल्या व्हिक्टोरिया बंदराला लागतात. 1886 च्या एका अमेरिकन कायद्यामुळे परदेशी नोंदणीच्या जहाजाला मध्ये एखादं परदेशी बंदर घ्यावंच लागतं. त्यामुळे भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांना कॅनडाचा व्हिसा लागतो, व्हिक्टोरियात खाली उतरायचं नसलं तरी लागतो. ग्रीन कार्ड असलेल्यांना तो लागत नाही. मुलाकडे ग्रीन कार्ड असतं, त्यामुळे त्याच्या हे लक्षात येत नाही, आणि आईवडिलांचं काम अडतं. तिकीट काढायच्या आधी विचारा. अमेरिकेचा व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा आहे ना, तेही त्याच वेळी बघून घ्या.

दुसरं काम म्हणजे तुमच्या तारखेला ज्युनोत किती जहाजं आहेत ते बघणं. ‘क्रूझ लाइन एजन्सीज ऑफ अलास्का’ दर हंगामाचं वेळापत्रक इंटरनेटवर टाकते. कोणत्या दिवशी, कोणत्या धक्क्यावर, कोणतं जहाज किती वाजता लागणार आणि सुटणार, हे सगळं त्यात असतं. 2023 च्या हंगामात ज्युनोला सोळा लाखांहून जास्त क्रूझ-प्रवासी आले. गावची वस्ती जेमतेम तीस-बत्तीस हजारांची. लोकांना त्रास व्हायला लागला तेव्हा 2024 पासून दिवसाला पाच मोठी जहाजं एवढीच मर्यादा ठरली, आणि 2026 पासून जहाजांच्या एकूण प्रवासी-क्षमतेलाही मर्यादा आली: रोज 16,000 आणि शनिवारी 12,000. तुमच्या दिवशी दोन-तीन जहाजं असतील तर उतरून बोट मिळण्याची आशा चांगली. पाच असतील, आणि त्यातलं तुमचं सगळ्यात शेवटी लागणार असेल, तर उतरून बघू म्हणत बसू नका, घरूनच बुकिंग करा.

घरूनच बुकिंग करावं अशी आणखी दोन प्रकारची माणसं आहेत. एक, ज्यांचा सात-आठ जणांचा गोतावळा आहे, कारण आयत्या वेळी एवढ्या जागा एकाच बोटीत क्वचितच मिळतात. दुसरे, ज्यांना सहा किंवा दहा-बारा जणांचीच छोटी बोट हवी आहे. त्या बोटी महिना-दोन महिने आधीच भरतात. राहिलेली दोघं, तिघं, चौघं जण बंदरावर आरामात ठरवू शकतात.

कोणत्या बंदरावर हे जमतं

अलास्कात देवमासे बघायचे तर ज्युनो हेच बंदर धरा. आतल्या संथ पाण्यात हेरिंगसारखे छोटे मासे मुबलक असतात. ते खायला हंपबॅक देवमासे हिवाळ्यातल्या हवाई बेटांकडून हजारो किलोमीटर पोहत इथे येतात. मे ते सप्टेंबर ते इथेच असतात, पोटभर खातात आणि पुढचा हिवाळा बव्हंशी त्याच साठवणीवर काढतात. म्हणून उन्हाळ्यात इथे ते दिसतील का, हा प्रश्न सहसा पडत नाही. किती जवळून दिसतील आणि काय करताना दिसतील, एवढंच नशिबावर असतं.

हूना गावाजवळचं आइसी स्ट्रेट पॉइंट हेही देवमाशांसाठी फार चांगलं बंदर आहे, जवळचा पॉइंट अॅडॉल्फस त्यासाठीच प्रसिद्ध आहे. पण गाव लहान आणि बोटी मोजक्या, तिथे आधी बुकिंग केलेलं बरं. स्कॅगवे आणि केचिकॅनला बाकी पुष्कळ बघण्यासारखं आहे, तिथे देवमाशांवर पैसे घालू नका. व्हिक्टोरियाला जहाज बहुधा संध्याकाळी पोचतं, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका.

वेळेचा हिशोब उलटा करायचा

हे कागदावर लिहूनच करा. जहाज सुटायच्या वेळेपासून मागे मोजत यायचं.

समजा जहाज संध्याकाळी 5 ला सुटतं. सगळ्यांनी जहाजावर परत यायची वेळ साधारण अर्धा तास आधी, म्हणजे 4:30. त्याच्याही आधी दीड तास मोकळा ठेवा. म्हणजे 3 वाजता तुम्ही धक्क्यावर परत असायला हवं. ट्रिप धक्क्यापासून धक्क्यापर्यंत साडेतीन तासांची धरा. म्हणजे बस 11:30 च्या आत सुटायला हवी. जहाज 10 ला लागलं आणि उतरेपर्यंत पावणेअकरा झाले, तर तुमच्या हातात फक्त अकरा किंवा साडेअकराची फेरी आहे. त्यात जागा असेल तर घ्या. दुपारी एकची फेरी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

साडेतीन तास का, तेही समजून घ्या. बोटी शहरातल्या धक्क्यावरून सुटत नाहीत. वीसेक किलोमीटरवर ऑक बे नावाची खाडी आहे, तिथल्या स्टॅटर हार्बरवरून सुटतात. धक्क्यावरून बसनं तिथे जायला अर्धा तास, यायला अर्धा तास. उरलेल्या वेळातले दोन-अडीच तास पाण्यावर. तुम्हाला कोणी साडेतीन तासांची ट्रिप सांगत असेल, तर पाण्यावर किती वेळ हे वेगळं विचारावं लागतं ते त्यामुळेच.

जहाजवाल्यांकडून घेतलेली ट्रिप उशिरा परतली तर जहाज थांबतं. बाहेरून घेतलेली उशिरा परतली तर थांबत नाही. जास्तीच्या पैशांत मुख्यतः हीच हमी मिळते, आणि ज्यांना घड्याळाची धास्ती वाटते त्यांनी ती खुशाल विकत घ्यावी. जहाज दिवसभर थांबणार असेल, सकाळी 7 ते रात्री 8 असं, तर मात्र या हमीसाठी जास्त पैसे मोजायची गरज मला वाटत नाही.

एक बारकी गोष्ट. अलास्काचं घड्याळ सिएटलच्या एक तास मागे असतं. मोबाईल कधी टॉवरची वेळ पकडतो, कधी नाही. परत यायची वेळ नेहमी जहाजाच्या घड्याळाप्रमाणे असते, म्हणून साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून हातात घाला. आणि खोलीत रोज येणाऱ्या पत्रकावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा.

उतरायच्या आदल्या रात्री

जहाजाचं कार्ड, फोटो असलेलं ओळखपत्र, आणि बाहेरची ट्रिप घेणार असाल तर पासपोर्टही, हे सगळं एका छोट्या पाणी न शिरणाऱ्या पाकिटात घालून अंगाशी ठेवा. काही लोक पासपोर्ट खोलीतच ठेवायला सांगतात. पण उद्या जहाज चुकलंच तर पुढचं बंदर गाठायला तो लागणार, म्हणून मी जवळ ठेवायच्या बाजूची आहे.

कपड्यांचं नीट ऐका. आपण पंचेचाळीस डिग्रीतून आलेले असतो. ज्युनोत भर जुलैत दुपारी पंधरा-अठरा डिग्री असतं, त्यात पाऊस, आणि चालत्या बोटीवरचा वारा वेगळाच. आत थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर पावसाचं जॅकेट, कानटोपी, हातमोजे. साडी नेसणाऱ्यांनी आतून थर्मलची पँट, पायात मोजे आणि बूट घालावेत, आणि पदर जॅकेटच्या आत खोचावा. मोकळा पदर डेकवर वाऱ्यानं नुसता फडफडतो आणि अडकतोही. छत्रीचा उपयोग नाही.

खायचं काय? रावेर-यावलच्या माणसाला प्रवासात केळी जवळ ठेवायची सवय असते. पण जहाजावरची ताजी फळं आणि शिजवलेलं अन्न बंदरावर नेऊ देत नाहीत. घरून आणलेलं केळी वेफर्सचं, शेवेचं सीलबंद पाकीट चालतं. बोटीवर शाकाहारी काही मिळेलच असं धरून चालू नका, जहाजावर भरपेट नाश्ता करूनच उतरा.

ज्यांना गाडी लागते त्यांनी काळजी करू नये. ऑक बेजवळचं पाणी बेटांच्या आडोशाला आहे, उघड्या समुद्रासारखं हेलकावत नाही. तरी भीती असेल तर नेहमीची उलटीवरची गोळी बोट सुटायच्या तासभर आधी घ्या, बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग होत नाही. तिनं झोप येते, आणि बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर निघायच्या आधीच आपल्या डॉक्टरांना विचारा.

धक्क्यावर

दारं उघडल्याबरोबर उतरणाऱ्यांत राहा. पहिल्या अर्ध्या तासात उतरलात तर निवडीला वाव राहतो. ज्युनोत मोठ्या जहाजांचे चार धक्के आहेत. त्यातला एजे डॉक शहरापासून सगळ्यात लांब, तिथून चालत वीस-पंचवीस मिनिटं लागतात, शटल बस मिळते. बाकीचे धक्के शहराला लागूनच आहेत.

डोंगरावर जाणाऱ्या ट्रामचं, म्हणजे रोपवेचं, खालचं स्टेशन लगेच नजरेला पडतं. त्याच्या आसपास पाण्याच्या कडेनं ट्रिप विकणाऱ्यांच्या टपऱ्या आहेत. टपरीपुढच्या फळ्यावर पुढच्या फेऱ्यांच्या वेळा लिहिलेल्या असतात आणि भरलेल्या फेऱ्यांवर काट मारलेली असते. भाव विचारायच्या आधी हा फळा वाचा. आपल्या कागदावरच्या वेळेत बसणारी फेरी ज्या टपरीवर मोकळी आहे, तिथेच बोलायला थांबा. बाकीच्या टपऱ्या तुमच्यासाठी नाहीतच.

मग विचारायचं ते असं. पहिलं वाक्य पाठच करून ठेवा: “व्हॉट टाइम विल वी बी बॅक अॅट धिस डॉक?” बोट ऑक बेला किती वाजता परतेल हे सांगून काम भागत नाही, इथे या धक्क्यावर किती वाजता, हेच उत्तर हवं. परतीची बस ठरलेल्या वेळी निघते की भरली की निघते, हे त्याला जोडूनच विचारा. त्यानंतर आपल्या जहाजाचं नाव आणि परत यायची वेळ स्वतःहून सांगा. चांगला विक्रेता लगेच सांगतो की ही फेरी तुम्हाला चालेल की नाही. जो वेळ न बघता “नो प्रॉब्लेम” म्हणतो, त्याच्याकडून मी तरी तिकीट घेणार नाही.

मग पैसे. फळ्यावरच्या आकड्यात कर आणि बंदराचं शुल्क धरलेलं असेलच असं नाही, म्हणून कार्ड देण्याआधी सगळं मिळून किती ते विचारा. मोठ्या बोटीवर माणशी दीडशे डॉलरच्या आगेमागे, छोट्या बोटीवर त्याहून जास्त, असा अंदाज धरा. जळगावच्या फुले मार्केटसारखी घासाघीस इथे चालत नाही. पण सुटायला आलेल्या फेरीत जागा रिकाम्या असतील तर “आम्ही चौघं आहोत, काही कमी होईल का” एवढं शांतपणे विचारावं. कधी कधी होतं. साठीच्या वरच्यांना आणि मुलांना वेगळा दर असेल तर तोही विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

बोट कशी आहे हेही इथेच कळलं पाहिजे. किती माणसांची, आत काचेची बंद आणि गरम केबिन आहे का, बोटीवर संडास आहे का. आपल्या वयाच्या मंडळींसाठी शेवटचे दोन प्रश्न सगळ्यात महत्त्वाचे. बोट टपरीवाल्याची स्वतःची की तो दुसऱ्याची तिकिटं विकतो, तेही विचारा. दुसऱ्याची असेल तरी हरकत नाही, फक्त पावतीवर बोटीच्या कंपनीचं नाव आणि फोन हवा. हवामानामुळे फेरी रद्द झाली तर सगळे पैसे परत हवेत. देवमासा दिसलाच नाही तर काही कंपन्या थोडे पैसे परत देतात, ती अट पावतीवर लिहून घ्या.

‘व्हेल सेन्स’ असं चिन्ह टपरीवर किंवा पत्रकावर दिसलं तर त्या कंपनीला झुकतं माप द्या. देवमाशांना त्रास न देता बोट चालवण्याचा नियम स्वतःहून पाळणाऱ्या कंपन्यांचा तो उपक्रम आहे. अशा बोटीवरची माहिती देणारी माणसंही सहसा जाणकार असतात.

ऑक बेचा उतार

याबद्दल कोणी आधी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर. ज्युनोत भरती-ओहोटीत पाणी चार-पाच मीटर वर-खाली होतं. बोटी तरंगत्या फळ्यांच्या धक्क्याला लागतात आणि तो धक्का पाण्याबरोबर खाली जातो. काठावरून तिथे उतरायला लोखंडी पूल असतो. भरतीला तो जवळपास सपाट असतो, ओहोटीला चांगलाच उतरता होतो, त्यात पावसानं ओला. आम्ही गेलो तेव्हा माझ्या सासूबाई तिथे वरच थांबल्या आणि म्हणाल्या, “मना गुडघा दुखस रे, तुम्हीच जाऊन या.” बोटीवरची मुलगी वर आली, त्यांना एका हातानं कठडा धरायला लावला आणि पुढे उलटी चालत, त्यांच्याकडे तोंड करून, पावलापावलानं खाली घेऊन गेली. आपल्याकडच्या कोणाला गुडघ्याचा त्रास असेल तर टपरीवरच सांगून ठेवा, आणि त्या वेळी भरती आहे की ओहोटी तेही विचारा. मदत मागायला संकोच करू नका, ती माणसं रोज हे करतात.

पाण्यावर बघायचं कसं

बोटीवर जागा धरायची तर डेकवर जायच्या दाराजवळची धरा. बोट धावत असताना आत बसायचं, थांबली की बाहेर यायचं.

माहिती देणारा माणूस “इलेव्हन ओ’क्लॉक!” असं ओरडला तर घड्याळात बघू नका. बोटीचं नाक म्हणजे बारा, उजवा हात तीन, पाठ सहा, डावा हात नऊ. अकरा म्हणजे समोर, थोडं डावीकडे. हे ठाऊक असलं की बाकीचे शोधत असतात तोवर तुम्हाला दिसलेलं असतं.

पहिल्यांदा मासा दिसत नाही, त्याचा श्वास दिसतो. पाण्यावर एकदम पांढरा फवारा उठतो आणि विरतो, मागून फुस्स असा भरीव आवाज येतो. वारा आपल्याकडे असेल तर सडक्या माशांचा वासही येतो. असे तीन-चार श्वास घेऊन झाले की पाठीची कमान होते, शेपूट सावकाश वर येते, पाणी निथळत उभी राहते आणि आत जाते. कॅमेरा तेव्हाच चालवा. शेपटीच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे डाग प्रत्येक देवमाशाचे वेगळे असतात आणि त्यावरूनच इथले लोक त्यांना ओळखतात. शेपूट वर आली म्हणजे त्यानं खोल बुडी मारली, आता पाच-सात मिनिटं तो दिसायचा नाही. तेवढ्यात हातमोजे घाला, आजूबाजूचा बर्फाचा डोंगर बघा.

एखाद्या जागी समुद्रपक्षी घिरट्या घालत कालवा करायला लागले तर तिकडे नजर ठेवा. कधी कधी हंपबॅक मिळून शिकार करतात: खालून बुडबुड्यांचं कडं सोडतात, त्यात हेरिंग कोंडतात आणि सगळे एकदम तोंड उघडून वर येतात. हे रोज दिसत नाही. दिसलं तर फोटोच्या नादात घालवू नका, डोळ्यांनी बघा. बारा-पंधरा मीटर लांबीचं, पंचवीस-तीस टनांचं जनावर बोटीएवढं तोंड उघडून वर येताना बघायचं आहे.

कॅप्टनला “आणखी जवळ घ्या” म्हणू नका. अलास्कात हंपबॅकच्या 100 यार्डांच्या, म्हणजे साधारण 91 मीटरच्या, आत बोट नेणं कायद्यानं मना आहे. सागरी सस्तन प्राण्यांना त्रास देण्यावर अमेरिकेत 1972 पासून बंदी आहे. देवमासा स्वतःच जवळ आला तर कॅप्टन बोट पुढे न नेता त्याला वाट देतो. जिथे माणसं थांबतात तिथेच तो निर्धास्त खातो. ओर्का, म्हणजे काळे-पांढरे ‘किलर व्हेल’, दिसले तर नशीब चांगलं समजा. खडकांवर पसरलेले सी लायन (सीलसारखे मोठे समुद्री प्राणी) आणि गरुड बहुतेक दिसतातच.

उतरताना बक्षिसी द्यायची पद्धत आहे. दहा-पंधरा टक्के चालतात, त्यासाठी सुटे डॉलर जवळ ठेवा.

जागाच मिळाली नाही तर

फळ्यावर सगळ्या फेऱ्यांवर काट असेल तर पंधरा-वीस मिनिटं आणखी थांबून विचारा. आधी बुकिंग केलेले लोक कधी येत नाहीत आणि जागा सुटतात. आपलं नाव आणि माणसं सांगून जवळच उभं राहा. जहाजावरच्या ट्रिपांच्या काउंटरवरही आयत्या वेळी जागा सुटते, घरातलं एक माणूस तिकडे विचारायला पाठवा.

तरीही नाहीच जमलं आणि पुढे आइसी स्ट्रेट पॉइंट असेल, तर त्याच संध्याकाळी जहाजाच्या काउंटरवर तिथली ट्रिप घेऊन टाका. नसेल, तर ज्युनोचा दिवस मेंडेनहॉल हिमनदीला द्या, तिच्या बस याच धक्क्याजवळून सुटतात आणि वेळेचं गणितही सोपं पडतं. पाण्याकाठच्या पायवाटेनं उद्यानापर्यंत चालत गेलात तर उसळी घेतलेल्या हंपबॅकचा मोठा कांस्य पुतळा आहे, मुलांना घेऊन जायला छान जागा. आणि जहाज ज्युनोहून सुटलं की केबिनमध्ये जाऊ नका. पुढचे दोन तास वरच्या डेकवर कठड्याशी दुर्बीण घेऊन उभे राहा. याच पाण्यातून जहाज बाहेर पडतं, आणि पांढरे फवारे तिथूनही दिसतात.